ॲम्ब्युलन्समधला माणूस शिकतो कधी?

संध्याकाळचे सात वाजलेत. बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. मागून एक ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत वाट मागतेय. पुढच्या रिक्षावाल्याला बाजूला व्हायचंय, पण बाजूला जागाच नाही.

समजा, आत स्ट्रेचरवर पासष्टीचे एक गृहस्थ आहेत. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत, सून दुसऱ्या कंपनीत आणि आई-वडील साताऱ्याहून नातवाला सांभाळायला आलेले. दुपारपासून छातीत जड जड वाटत होतं. ‘पित्त झालं असेल’ म्हणून दोन तास तसेच गेले. मग घाम फुटला, डावा हात दुखू लागला आणि सुनेनं १०८ फिरवला. आता आजी पदर तोंडाशी धरून बसल्यात आणि शेजारच्या गणवेशातल्या तरुणाला विचारतायत, “बाळा, किती वेळ लागेल रे?” त्याला मराठी कळत नाही, पण प्रश्न कळतो. “अम्मा, दस मिनट,” तो म्हणतो. दहा मिनिटांत हॉस्पिटल येणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि आजींनाही.

या प्रसंगातली माणसं काल्पनिक आहेत. पण मुलं नोकरीसाठी बंगळूरला आणि आई-वडील त्यांच्या मागे, अशी मराठी कुटुंबं आता थोडीथोडकी नाहीत. अशा घरावर वेळ येते तेव्हा सगळ्यांचं लक्ष दोनच गोष्टींकडे असतं: गाडी किती लवकर आली आणि हॉस्पिटल कोणतं. मधल्या वेळात आजोबांच्या शेजारी बसलेल्या तरुणाला काय येतं, तो हे कधी शिकला आणि त्यानंतर त्यानं नवं काही शिकलं का, हे कुणी विचारत नाही. वाहतुकीत अडकलेल्या शहरात मात्र हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रस्ता मोकळा असता तर गाडीतला वेळ थोडा असता. रस्ता तुंबलेला असतो तेव्हा ॲम्ब्युलन्स हेच काही काळापुरतं हॉस्पिटल होतं आणि तो तरुण तिथला एकमेव जाणता माणूस.

त्याला पॅरामेडिक म्हणतात किंवा ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. अजूनही बरेच जण त्याला ‘ॲम्ब्युलन्सवाला’ म्हणून मोकळे होतात. तो डॉक्टर नसतो, पण नुसता स्ट्रेचर उचलणाराही नसतो. नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन पाहणं, श्वासाची वाट मोकळी करणं, छाती दाबून थांबलेलं हृदय चालू करण्याचा प्रयत्न करणं, विजेचा झटका देणं, रक्तस्राव थांबवणं आणि वेळ आली तर गाडीतच बाळंतपण करणं, एवढं सगळं त्याच्या कामात येतं.

कर्नाटकात १०८ क्रमांकाची ‘आरोग्य कवच’ सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे राज्योत्सवाच्या दिवशी सुरू झाली. ही कल्पना त्याआधी १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत प्रत्यक्षात आली होती. तिथल्या इमर्जन्सी मॅनेजमेंट अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, थोडक्यात ईएमआरआय या संस्थेनं एक फोन क्रमांक, एक नियंत्रण कक्ष आणि प्रत्येक गाडीत एक प्रशिक्षित तंत्रज्ञ अशी घडी बसवली. चालकाला तिथे ‘पायलट’ म्हणतात. तंत्रज्ञाला अडचण आली, तर नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरांचा फोनवर सल्ला घेता येतो. रुग्णाची नोंद ठरलेल्या कागदावर करायची आणि अठ्ठेचाळीस तासांनी त्याच्या घरी फोन करून विचारपूस करायची, हेही या पद्धतीत होतं. संस्थेच्या नावातच ‘रिसर्च’ हा शब्द आहे, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्रात थोडी वेगळी वाट निवडली गेली. तिथे १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असावा असं ठरलं. त्यामुळे साताऱ्यात ॲम्ब्युलन्समधून डॉक्टर उतरलेला पाहिलेल्या आजींना बंगळूरला डॉक्टर दिसत नाही, तेव्हा धाकधूक वाटणं साहजिक आहे. पण जगातल्या अनेक प्रगत देशांत गाडीत पॅरामेडिकच असतो आणि तिथले लोक त्याच्यावर निर्धास्तपणे विसंबतात. हा विश्वास नुसत्या पदवीवर उभा नाही. पदवीनंतर तो काय शिकत राहतो, यावर तो उभा आहे.

ऑक्सिजनची गोष्ट

शिकत राहायचं म्हणजे नेमकं काय? एकदा शिकलेलं विसरू नये एवढंच का? नाही. काही वेळा शिकलेलं सोडून द्यावं लागतं. ते जास्त अवघड असतं.

छातीत दुखणाऱ्या माणसाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावायचा, ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. सिनेमातही तेच दिसतं. हृदयाला रक्त कमी पडतंय, मग ऑक्सिजन दिला तर फायदाच होणार, हे तर्काला पटणारं होतं. त्यामुळे त्याची कसून परीक्षा कुणी घेतली नव्हती. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या परिसरात ती घेतली गेली आणि ती ॲम्ब्युलन्समधल्या पॅरामेडिक मंडळींच्या हातून घेतली गेली. मोठा हार्ट अटॅक आलेल्या, पण रक्तातला ऑक्सिजन चांगला असलेल्या रुग्णांपैकी काहींना मास्क लावला, काहींना लावला नाही. कुणाला लावायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं आधीच ठरलेलं होतं. २०१५ साली ४४१ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरज नसताना ऑक्सिजन दिलेल्यांचा फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांच्या हृदयाच्या स्नायूचं नुकसान अधिक झाल्याचं दिसलं. त्यानंतर २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ६,६२९ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं.

म्हणजे २००८ साली शिकून बाहेर पडलेला तंत्रज्ञ जर फक्त तेव्हाच्या वहीवर चालत असेल, तर तो आजोबांना मनापासून, प्रामाणिकपणे आणि जुन्या पद्धतीनं उपचार देईल. बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा चांगला दिसत असेल तर मास्कची घाई नको आणि आकडा घसरला तर मात्र लगेच लावायचा, हा फरक त्याला कुणीतरी नंतर सांगायला हवा. कोण सांगणार? कधी सांगणार? बारा तासांची पाळी करून तो घरी जातो तेव्हा वैद्यकीय नियतकालिक चाळण्याचं त्राण कुणात उरतं?

छाती दाबण्याच्या बाबतीतही असंच झालं. २००५ पूर्वी पंधरा वेळा छाती दाबून दोनदा श्वास द्यायचा, असा नियम होता. २००५ मध्ये तो तीसला दोन झाला. २०१० मध्ये क्रमच बदलला. आधी श्वासमार्ग पाहायचा, ही जुनी शिकवण मागे पडली आणि आधी छाती दाबायला घ्या, असं सांगितलं गेलं. २०१५ मध्ये मिनिटाला शंभर ते एकशेवीस असा वेग ठरला. दहा वर्षांत तीन बदल! शिवाय हे कौशल्य हातातून निसटतंही लवकर. उजळणी झाली नाही, तर शिकल्यापासून तीन ते सहा महिन्यांतच हाताची सफाई कमी होऊ लागते, असं वारंवार दिसून आलंय. गाणाऱ्याचा रियाज सुटला की सूर सुटतो, तसंच हे. आणि इथे सूर सुटला तर माणूस जातो.

डॉक्टरांना गुण, तंत्रज्ञांना?

डॉक्टरांच्या बाबतीत ही गोष्ट नियमात बसवली गेली आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनं नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुणांची अट घातली. परिषदांना, व्याख्यानांना, कार्यशाळांना हजर राहून ते मिळवायचे. हजेरी लावून चहा पिऊन परतणारेही असतात हे खरं. पण निदान शिकणं हा नोकरीचा भाग आहे एवढं तरी मान्य झालं.

ॲम्ब्युलन्समधल्या तंत्रज्ञांच्या नशिबी तेही बराच काळ नव्हतं. देशभर त्यांची एक अशी नोंदणीच नव्हती. कुणी सहा महिन्यांचा कोर्स केलेला, कुणी नर्सिंग झालेला, कुणी विज्ञानाचा पदवीधर होऊन काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेला, कुणी तीन वर्षांची पदवी घेऊन आलेला. गणवेश मात्र सगळ्यांचा सारखा. मार्च २०२१ मध्ये संसदेनं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा मंजूर केला. फिजिओथेरपिस्टपासून प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञापर्यंत अनेक व्यवसायांना त्यानं एका छत्राखाली आणलं. त्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि केंद्रात व राज्यात नोंदवही ठेवणं ही कामं त्या कायद्यानं नेमून दिली. कायद्याच्या पुस्तकात नाव येणं ही छोटी गोष्ट नाही. ज्याची नोंद असते त्यालाच विचारता येतं, ‘गेल्या वर्षी काय नवं शिकलास?’

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा विचारतात, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदणी टिकवायची तर पॅरामेडिकला दर दोन वर्षांनी ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ब्रिटननं वेगळी पद्धत घेतली. तिथे तास मोजत नाहीत. प्रत्येकानं आपल्या शिक्षणाची वही ठेवायची. दर दोन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं तेव्हा शेकड्यातल्या दोन-तीन जणांची नावं न सांगता निवडली जातात आणि त्यांना वही मागितली जाते. त्या वहीत फक्त ‘अमुक वर्गाला गेलो’ एवढं चालत नाही. त्या वर्गामुळे माझ्या कामात काय बदललं आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग झाला, हे लिहावं लागतं. दोन्ही पद्धतींत उणिवा आहेत. पण दुसरीतला प्रश्न फार चांगला आहे. तो विचारायला सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. शंभर पानी वही आणि एक पेन एवढ्यावर तो उद्या सकाळी बंगळूरच्या कोणत्याही ॲम्ब्युलन्समध्ये विचारता येईल.

एकट्या माणसाची मोटारसायकल

बंगळूरमध्ये तर ही निकड आणखी वाढली. एप्रिल २०१५ मध्ये कर्नाटक सरकारनं मोटारसायकल ॲम्ब्युलन्स रस्त्यावर आणल्या. मोठी गाडी अडकते तिथे दुचाकी वाट काढते, म्हणून ही सोय. मुंबईतही २०१७ मध्ये अशा दुचाकी आल्या, पण तिथे स्वार डॉक्टर होता. बंगळूरला स्वार म्हणजे तंत्रज्ञच. तोच गाडी चालवणार, तोच उतरून रुग्णाला तपासणार, तोच उपचार सुरू करणार आणि मागून मोठी गाडी येईपर्यंत तोच नातेवाइकांना धीर देणार. ‘अरे, जरा बघ रे, हे बरोबर आहे ना?’ असं विचारायला शेजारी कुणी नाही. एकट्यानं निर्णय घ्यायचा असेल तर निर्णयाची उजळणी आधी झालेली असावी लागते.

त्यात भर म्हणून उपचारांचीही पद्धत बदलत गेली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीचा लाडका नट पुनीत राजकुमार वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकारानं गेला आणि सगळं कर्नाटक हळहळलं. पुढे २०२३ मध्ये त्याच्या नावानं ‘हृदय ज्योती’ योजना आली. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, हार्ट अटॅक असल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग रुग्णाला मोठ्या हृदयरुग्णालयात हलवायचं, अशी तिची आखणी. यात ॲम्ब्युलन्समधल्या माणसावर नवी जबाबदारी येते. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध नुकतंच घेतलेला रुग्ण त्याच्या ताब्यात असतो. त्याला कुठून रक्त येतंय का, बोलणं अडखळतंय का, हृदयाचे ठोके अचानक वेडेवाकडे होतायत का, हे डोळ्यात तेल घालून पाहायचं असतं. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रशिक्षणावर हे काम ढकलून चालत नाही.

कागदातून निघालेलं सत्य

इथवर शिक्षणाची गोष्ट झाली. संशोधन म्हटलं की मात्र लोक बिचकतात. संशोधन म्हणजे पांढरे कोट, काचेच्या नळ्या, मोठमोठे प्राध्यापक. ॲम्ब्युलन्समधल्या पोराचा तिथे काय संबंध?

संबंध आहे आणि तो मुळाशी आहे. हॉस्पिटलच्या दारापलीकडे काय घडतं ते डॉक्टर पाहतो. दाराअलीकडे काय घडलं हे फक्त तंत्रज्ञानं भरलेला कागद सांगू शकतो. हैदराबादच्या ईएमआरआयनं २००७ पासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आपत्कालीन वैद्यक विभागाशी हातमिळवणी केली. पॅरामेडिकसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे त्याच ॲम्ब्युलन्समधल्या नोंदींवर संशोधनही उभं राहिलं.

त्यातला २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. भारतातल्या पाच राज्यांत, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ॲम्ब्युलन्स बोलावलेल्या १,६८४ स्त्रियांची माहिती त्यात गोळा केली होती. शेकडा ९२ स्त्रिया खेड्यापाड्यातल्या किंवा आदिवासी भागातल्या होत्या. फोन केल्यापासून हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांना साधारण ६६ मिनिटं लागली, तर शहरातल्या स्त्रियांना ५६. म्हणजे शहरातही जवळजवळ तास! त्यानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत या स्त्रियांशी संपर्क ठेवला गेला आणि शंभरातल्या ९४ जणींची माहिती शेवटपर्यंत मिळाली. भारतात हे जमत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तरच आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. यांतल्या ४४ स्त्रियांचं बाळंतपण तंत्रज्ञांच्या मदतीनं पार पडलं. वार पडल्यावर गर्भाशय आकसावं म्हणून पोटावरून मालिश करायची असते, ती बहुतेकींना केली गेली. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन किती जणींना दिलं गेलं? एकीलाही नाही. शून्य. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्याकडे आईच्या मृत्यूचं एक मोठं कारण. त्यावरचं साधं, स्वस्त इंजेक्शन गाडीतल्या बाळंतपणांत वापरलंच जात नाही, ही गोष्ट कागद मोजल्याशिवाय कुणाच्या लक्षात आली असती का? औषध गाडीत नव्हतं, की थंडाव्यात ठेवायची सोय नव्हती, की द्यायची परवानगी नव्हती, की शिकवलंच नव्हतं, हे पुढचे प्रश्न. पण प्रश्न विचारायची जागा सापडली. संशोधनाचं पहिलं काम हेच.

अशा नोंदींचं मोल बंगळूरला नवं नाही. तिथल्या निम्हान्स संस्थेत डॉ. जी. गुरुराज यांनी रस्त्यावरच्या अपघातांच्या नोंदींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. कोण पडलं, कुठे पडलं, डोक्यावर हेल्मेट होतं का, हॉस्पिटलात कशातून आणलं, अशी साधी माहिती नीट गोळा केली की शहराला स्वतःचा चेहरा दिसतो.

आणि कधीकधी संशोधन मनाला न रुचणारं उत्तरही देतं. थांबलेलं हृदय चालू करण्यासाठी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं गेलं. ब्रिटनमधल्या पाच ॲम्ब्युलन्स सेवांनी २०१४ ते २०१७ या काळात ८,०१४ रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना खारं पाणी. देणाऱ्या पॅरामेडिकलाही कुपीत काय आहे ते ठाऊक नसे. २०१८ मध्ये निकाल आला. औषध दिलेल्यांपैकी महिन्यानंतर शेकडा ३.२ जण जिवंत होते, न दिलेल्यांपैकी २.४. फायदा होता, पण थोडा. घरी जाण्यापर्यंत वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण मात्र औषध घेतलेल्यांत ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे १८ टक्के. जीव वाचणं आणि माणूस म्हणून परत येणं यांत फरक आहे, हे त्या आकड्यांनी डॉक्टरांपुढे आणि कुटुंबांपुढे ठेवलं. हे काम रस्त्यावर, पावसात, लोकांच्या दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसून पॅरामेडिक मंडळींनी केलं.

शंभर कागदांची सुरुवात

बंगळूरच्या एखाद्या तंत्रज्ञानं लगेच आठ हजार रुग्णांचा अभ्यास करावा असं कुणी म्हणत नाही. सुरुवात शंभर कागदांपासून होते. एका केंद्रातले छातीत दुखण्याचे शेवटचे शंभर रुग्ण घ्यायचे. दुखणं किती वाजता सुरू झालं, हे किती कागदांवर लिहिलंय? रक्तदाब दोनदा पाहिला का? ॲस्पिरिन चालतं का, ॲलर्जी आहे का, हे विचारलं का? रुग्णाला योग्य हॉस्पिटलात नेलं, की जवळ दिसलं तिथे उतरवलं आणि मग पुन्हा हलवावं लागलं? मोजल्यावर कळतं की चाळीस कागदांवर वेळच नाही. मग महिनाभर सगळ्यांनी तेवढी एकच गोष्ट सुधारायची आणि पुन्हा शंभर कागद मोजायचे. याला ऑडिट म्हणतात. यात कुणा नव्या औषधाचा प्रयोग नाही, फक्त स्वतःच्या कामाला आरसा दाखवणं आहे.

दोन पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. रुग्णाचं नाव-गाव कागदाबाहेर जाता कामा नये. मोबाइलवर फोटो काढून मित्रांच्या गटात टाकणं हे शिक्षण नव्हे. आणि उपचारात काही बदल करून पाहायचा असेल, तर नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती यांना पर्याय नाही.

तिसरी गोष्ट व्यवस्थेनं करायची आहे. तंत्रज्ञ रुग्णाला हॉस्पिटलच्या दारात सोपवतो आणि पुढच्या फोनला निघतो. त्या रुग्णाचं पुढे काय झालं, आपला अंदाज बरोबर होता का, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. रोज पेपर लिहायचा आणि निकाल कधीच लागायचा नाही, असं शिक्षण कुणाला जमेल? हॉस्पिटलनं महिन्यातून एकदा तासभर बसून दहा रुग्णांचं पुढे काय झालं ते ॲम्ब्युलन्सच्या मंडळींना सांगितलं, तर त्याला खर्च फारसा नाही. तो तास पाळीतला धरावा, सुट्टीतला नव्हे, एवढी माणुसकी मात्र हवी. ज्याला चुकल्याबद्दल फक्त मेमो मिळतो तो चूक लपवायला शिकतो. ज्याच्याशी चुकीबद्दल बोललं जातं तो पुढच्या वेळी ती टाळायला शिकतो.

घरच्यांनाही यात वाटा उचलता येईल. त्रास किती वाजता सुरू झाला, ते घड्याळ पाहून लक्षात ठेवा. आई-वडिलांच्या रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवा. तंत्रज्ञ दहा प्रश्न विचारू लागला तर ‘आधी गाडी काढ’ म्हणून त्याच्यावर ओरडू नका. त्याचे प्रश्न हाच उपचाराचा पहिला भाग आहे. अठ्ठेचाळीस तासांनी विचारपुशीचा फोन आलाच, तर ‘हो हो, बरे आहेत’ म्हणून ठेवून देऊ नका, नीट माहिती द्या. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात जायचं म्हणत असेल, तर कॉलेजला फीच्या आधी हे विचारा: प्रत्यक्ष ॲम्ब्युलन्सवर किती महिने पाठवता? पदवीनंतर उजळणीचे वर्ग घेता का? शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांकडून एखादा छोटा अभ्यास करून घेता का? उत्तर देताना कार्यालयातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली, तर समजून जा.

सिल्क बोर्डच्या चौकातली ती गाडी शेवटी सुटतेच. आजोबांना हॉस्पिटलच्या लोकांच्या हवाली करून तो तरुण कागदावर सही घेतो आणि पुढच्या फोनला निघून जातो. समजा, दोन दिवसांनी दुसरा रुग्ण घेऊन तो त्याच दारात येतो. काम आटोपल्यावर तो खिडकीशी थांबतो आणि विचारतो, “सिस्टर, परवा संध्याकाळी एका महाराष्ट्रातल्या अज्जांना आणलं होतं. मी ऑक्सिजन लावला नव्हता, आकडा चांगला होता. बरोबर केलं ना? कसे आहेत ते?”

सिस्टरनं मान वर करून त्याला उत्तर दिलं, तर त्याच्या पुढच्या रुग्णाला दिवसभरातला सर्वांत चांगला उपचार त्या एका मिनिटात मिळालेला असेल.